मजूर महिलांच्या बोटांना मुंग्या: दोष फक्त कात्रीचा नाही

संपादक महोदय,

ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणे, मग विरळणी. हा हंगाम सरता सरता द्राक्षपट्ट्यातल्या दवाखान्यांत बोटांना मुंग्या येतात म्हणून मजूर महिला येऊ लागतात. 'दिवसभर कात्री चालवता, होणारच,' असे म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि बाई पुढचे दुखणे अंगावर काढते. कात्रीचा दोष आहेच, तो नाकारता येणार नाही. पण एकाच टोळीत तेवढीच कात्री चालवणाऱ्या सगळ्याजणींचे हात का झोपत नाहीत, हे कुणी विचारत नाही.

मनगटात हाडे आणि जाड बंध यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून बोटे वळवणाऱ्या 9 कंडरा आणि एक नस जाते. याला कार्पल टनेल म्हणतात. जागा इतकी तंग, की आत थोडी सूज आली तरी नस चेपते. ही सूज शेतात येते तशी शरीरातूनही येते. थायरॉइड मंद असेल तर ऊतींत द्रव साठतो. थकवा, वाढलेले वजन, बद्धकोष्ठ आणि जोडीला मुंग्या असतील तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, केलीच पाहिजे, कारण नेमके हेच 'कामाचा शीण' म्हणून सोडून दिले जाते. मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त भरली तर ती पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत. सकाळी बोटे तासभर आखडत असतील तर आमवाताचा विचार हवा. स्थूलपणा आणि पूर्वी मोडून वाकडे जुळलेले मनगट हीही कारणे आहेत. गरोदरपणात शेवटच्या तिमाहीत होणारा त्रास बहुतेकदा बाळंतपणानंतर उतरतो, तिथे शस्त्रक्रियेची घाई नको.

रजोनिवृत्तीच्या वयातही हा त्रास वाढतो. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्यभर चर्चा झाली. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले की रजोनिवृत्ती ऐन तिशी-पस्तिशीत येते. अशा बाईचा हात तपासताना ही शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारायलाच हवे.

ओळख सोपी आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते, करंगळी वाचते. रात्री जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली सोडून मिनिटभर थांबावे. याच बोटांत मुंग्या आल्या तर शंका पक्की धरावी. तळपायही बधिर असतील तर बी-12 आणि साखर पाहावी. मान वळवली की कळ हातात उतरत असेल तर दोष मानेत असू शकतो.

उपचारात सर्वात जास्त चुकते ते पट्ट्याचे. दुकानात मिळणाऱ्या मनगटाच्या पट्ट्यातली ॲल्युमिनियमची पट्टी बहुधा वर वाकवलेली असते. तशीच बांधली तर बोगद्यातला दाब वाढतो. ती काढून सपाट करावी, परत घालावी आणि मनगट सरळ राहील असा पट्टा रोज रात्री, किमान 6 आठवडे बांधावा. बोटे मोकळी वळली पाहिजेत. क्रेप बँडेज आवळून बांधू नये, त्याने नस आणखी चेपते.

अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसू लागला, ब्लाउजचे हूक लावता येईनासे झाले, तर गोळ्यांवर दिवस काढू नयेत. नसेच्या वहनाची तपासणी करून शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा. एकदा झिजलेला स्नायू पुरता भरून येईलच असे नाही.

आरोग्य विभागाला विनंती, की एप्रिलच्या खरड छाटणीआधी द्राक्षगावांत मजूर महिलांची साखर आणि टीएसएच तपासणी ठेवावी. मुकादमांनी त्या दिवसाची मजुरी कापू नये, नाहीतर तपासणीला कुणी येणार नाही.

— एक व्यवसायोपचार तज्ज्ञ, नाशिक