रविवारी राउटर बदलतोय, नेट बंद राहील

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ९ ते ११ विश्रामबागच्या आपल्या अभ्यासिकेतला राउटर बदलायचाय, तेवढा वेळ नेट नसेल, ऑनलाइन टेस्ट असेल त्यांनी आधीच दुसरी सोय बघा.

वायफायचं नाव, पासवर्ड तोच राहील. तरी कनेक्ट दाखवून नेट चाललं नाही तर आधी आयपी (नेटवर्कवरचा आपल्या फोन-लॅपटॉपचा पत्ता) बघा, १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरकडनं पत्ताच मिळालेला नाही, नेटवर्क फरगेट करून परत जोडा.

- घरचा जुना राउटर आणून लॅन पॉइंटला (नेटची वायर जोडायच्या सॉकेटला) अजिबात लावू नका, तोही पत्ते वाटायला लागतो आणि सगळ्या हॉलचं नेट गंडतं, मग एकेक वायर काढून शोधावं लागतं.
- प्रिंटरचा आयपी फिक्स आहे, बदलू नका.

अडचण आली तर ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका, नुसतं "नेट नाही" वरनं काही कळत नाही.