घड्याळे पुढे करून आपली वीज वाचेल का?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिका आणि युरोपातील घड्याळे पुढे-मागे झाल्याच्या बातम्या दरवर्षी मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात छापून येतात आणि त्यापाठोपाठ ‘आपणही उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे का करू नये, वीज तरी वाचेल’ असा विचार कोणीतरी हमखास मांडतो. सूचना सद्हेतूने केलेली असते. पण ती ज्या भूगोलावर उभी आहे तो आपला नाही, हे दाखवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लंडनमध्ये जूनच्या उत्तरार्धात दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरात तो आठ तासही भरत नाही. तेथे वर्षभर हिवाळ्याचीच वेळ ठेवली, तर जूनमध्ये सूर्य पहाटे पावणेचारच्या सुमारास उगवेल आणि लोक झोपेत असतानाच कित्येक तासांचा उजेड निघून जाईल. त्यातला एक तास संध्याकाळकडे वळावा म्हणून घड्याळ पुढे केले जाते. मुंबईत मात्र वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो, आणि जूनमध्येही सूर्योदय सहाच्या आसपासच होतो. संध्याकाळकडे वळवावी अशी पहाटेच्या उजेडाची शिल्लकच आपल्याकडे नाही. अमेरिकेतही उष्ण कटिबंधातले हवाई राज्य घड्याळाला हात लावत नाही. ॲरिझोनाचा बहुतांश भागही ही पद्धत पाळत नाही, कारण तेथील कडक उन्हाळ्यात सूर्यास्त आणखी तासभर लांबावा असे लोकांना वाटत नाही. विदर्भातल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

वीज वाचण्याचा मुद्दाही तपासून घ्यायला हवा. ही पद्धत देशपातळीवर प्रथम आणली जर्मनीने, 30 एप्रिल 1916 रोजी, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी. काही आठवड्यांतच ब्रिटनने तिचे अनुकरण केले. त्या काळी घरात लागणारी वीज म्हणजे मुख्यतः दिवे. आज दिव्यांपेक्षा वातानुकूलन यंत्रे कितीतरी अधिक वीज ओढतात. अमेरिकेतील इंडियाना राज्याने 2006 मध्ये ही पद्धत राज्यभर लागू केल्यानंतर घरगुती वापराचा अभ्यास झाला, तेव्हा विजेची मागणी घटण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे आढळले. खुद्द आपल्या देशातही दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, घड्याळे तासभर पुढे होती. युद्ध संपताच ती पूर्ववत करण्यात आली.

जगाचा कलही अलीकडे ही पद्धत सोडण्याकडेच आहे. ब्राझीलने 2019 मध्ये, तर इराणने आणि उत्तर सीमेलगतचा काही भाग वगळता मेक्सिकोने 2022 मध्ये ती बंद केली. युरोपीय संसदेने 2019 मध्ये ती थांबवण्याच्या बाजूने कौल दिला, पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने काटे अजून सरकवावे लागतातच. (इजिप्तने मात्र 2023 मध्ये ती पुन्हा सुरू केली, हेही नमूद केले पाहिजे.)

आसाममध्ये पहाटे साडेचारलाच उजाडते आणि कार्यालये उघडेपर्यंत दिवस बराच वर आलेला असतो, ही तक्रार खरी आहे. तेथील चहामळ्यांत तासभर पुढचा ‘बागान टाइम’ त्यामुळेच रुळला. परंतु तो पूर्व-पश्चिम अंतराचा, म्हणजे रेखांशाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्वतंत्र कालविभागात शोधता येईल. उन्हाळ्यापुरती साऱ्या देशाची घड्याळे हलवून पूर्वेकडची अडचण तात्पुरती कमी होईल आणि पश्चिमेला नवी उभी राहील.

या विषयाचा मराठी वाचकाशी खरा संबंध येतो तो निराळ्याच ठिकाणी. पुण्या-मुंबईतल्या अनेकांच्या कामाच्या पाळ्या आणि परदेशातल्या मुला-नातवंडांशी बोलण्याच्या वेळा या बदलावर अवलंबून असतात, आणि गोंधळ होतो तो दोन्ही खंडांच्या तारखा वेगळ्या असल्यामुळे. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. ब्रिटन आणि युरोपीय संघात हे मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घडते. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तासच मागे असते, तर लंडन तोवर हिवाळ्याप्रमाणे साडेपाच तास मागे राहते आणि महिनाअखेरीस साडेचारवर येते. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे असल्याने सिडनी व मेलबर्नची घड्याळे ऑक्टोबरात पुढे आणि एप्रिलमध्ये मागे जातात, तर क्वीन्सलंडमधले ब्रिस्बेन वर्षभर जागचे हलत नाही. आपल्या दैनिकाने या बातमीसोबत दरवेळी बदलाची तारीख आणि भारतीय वेळेशी पडणारा नवा फरक, शहरांच्या नावांसह, चौकटीत छापावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे