टेस्ट कधी करायची, हे पाकिटावर छापा: तुमच्या प्रेग्नन्सी किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: किटच्या पाकिटावरचा दिशाभूल करणारा मजकूर आणि हेल्पलाइनवरची वागणूक

तुमच्या हेल्पलाइनला केलेला तिसरा फोन आत्ताच ठेवला. आता लेखीच सांगते.

पाकिटावर ठळक अक्षरांत ‘९९% अचूक’ आणि ‘पाळी चुकण्याआधीच उत्तर’ असं छापलंय. ९९% हा आकडा पाळी चुकल्याच्या दिवसापासूनचा आहे, ही ओळ मात्र आतल्या पत्रकाच्या मागच्या घडीत आहे, तीही भिंग लावून वाचावी लागेल इतकी बारीक. माझी पाळी कधी २८ दिवसांनी येते, कधी ४० दिवसांनी. अशा बाईने दिवस कुठून मोजायचे, याबद्दल पत्रकात एक शब्द नाही.

आम्ही दोन वर्षं वाट बघतोय. पाकिटावर विश्वास ठेवून, पाळी आल्यापासून २६व्या दिवशी पहिली टेस्ट केली. फक्त ‘सी’ची, म्हणजे किट चालू असल्याची रेषा आली. ३३व्या दिवशी संध्याकाळी दुसरी केली, दिवसभर भरपूर पाणी पिऊन. पाच मिनिटांनी पाहिलं तर तेच. किट बेसिनच्या कडेला राहिलं आणि सकाळी ‘टी’पाशी, म्हणजे गर्भधारणा दाखवणाऱ्या जागी, फिकट रेषा दिसली. आम्ही दोघांनी ती खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिली.

म्हणून फोन केला. पहिल्या दोन वेळी ‘पत्रक वाचा’ म्हणून ठेवून दिला गेला. तिसऱ्या वेळचं संभाषण जसंच्या तसं लिहिते. मी विचारलं, “रात्रभर ठेवलेल्या किटवर रेषा आली तर ती धरायची का?” तो म्हणाला, “रेषा आली म्हणजे पॉझिटिव्ह.” मी म्हटलं, “पण पाच मिनिटांनी नव्हती.” तो म्हणाला, “मग निगेटिव्ह. दुसरं किट घ्या.” “कधी करू? सकाळी की कधीही? किती दिवस थांबू?” यावर तो दोन क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, घरात कोणी मोठं असेल तर त्यांच्याकडे फोन द्या.”

मी ३४ वर्षांची आहे. शरीर माझं, प्रश्न माझा, किटचे पैसे माझे. मोठं माणूस कशाला हवं होतं?

जे तुमच्या माणसाला सांगता आलं नाही, ते डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. किट लघवीत एचसीजी हे गरोदरपणातलं संप्रेरक शोधतं, आणि गर्भ रुजायला लागल्याशिवाय ते सापडण्याइतकं तयार होत नाही. बीज सुटल्यापासून तो रुजेपर्यंत साधारण ६ ते १२ दिवस जातात. पुढे एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं, तेव्हा कुठे ते लघवीत किटला सापडतं. ज्या महिन्यात पाळी लांबते त्या महिन्यात बीजही उशिरा सुटतं, त्यामुळे माझ्या २६व्या दिवसाच्या टेस्टला काही अर्थच नव्हता. पाळीचा भरवसा नसेल तर संबंध आल्यापासून २१ दिवस मोजायचे. लघवी सकाळची पहिली घ्यायची, कारण पाणी पिऊन ती पातळ झाली की सुरुवातीच्या दिवसांत एचसीजी निसटू शकतं. निकाल पत्रकात दिलेल्या वेळेतच वाचायचा. त्या वेळेत आलेली फिकट रेषासुद्धा पॉझिटिव्हच असते, पण नंतर उमटलेली रेषा हा लघवी वाळल्याचा डाग असू शकतो.

माझी रेषा तो डागच होता. रक्ततपासणी निगेटिव्ह आली. एक अख्खा दिवस आम्ही त्या डागावर आशा लावून काढला.

आणखी एक. ओटीपोटात एका बाजूला कळ येते का, रक्त जातंय का, हे तुमच्याकडून एकदाही विचारलं गेलं नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला असेल तर बाईच्या जिवावर बेतू शकतं. माझ्याऐवजी तशी कोणी फोनवर असती, तर तिलाही ‘दुसरं किट घ्या’ असंच सांगणार होतात का?

माझ्या मोठ्या बहिणीला तिची आनंदाची बातमी तुमच्याच किटवर कळली होती. म्हणून मी दुसरं कुठलं बघितलंही नाही. तो विश्वास आता उरलेला नाही.

टेस्ट कधी करायची आणि निकाल किती मिनिटांत वाचायचा, हे पाकिटाच्या दर्शनी बाजूला ‘९९%’ इतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. हेल्पलाइनवर या विषयाची माहिती असलेली माणसं बसवा. मोठ्या माणसाकडे फोन द्यायला सांगितल्याबद्दल मला लेखी माफी हवी आहे. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ग्राहक न्यायालयात जाईन. दोन्ही किट, पाकिटं, पावत्या आणि तिन्ही फोनच्या वेळा माझ्याकडे आहेत.

उत्तर माझ्या नावाने पाठवा, घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने नको.

तुमची एक ग्राहक