लीग घरची, पण मैदानात कोण?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय संघात सगळेच खेळाडू देशातल्या लीगमधले असले की फुटबॉलच्या चर्चेत ‘दुय्यम संघ’ हा शब्द हमखास येतो. युरोपात कोणी खेळत नाही ना, मग दर्जा कुठून येणार, असा हिशेब. मी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो, म्हणून हे पत्र.

2006 चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघातले 23 पैकी 23 खेळाडू इटलीच्याच सेरी ए या सर्वोच्च लीगमधले होते. त्यात युव्हेंटस आणि मिलानचे तारे होते हे खरे, पण चौघे पालेर्मोचेही होते. उपांत्य सामन्यात 119 व्या मिनिटाला जर्मनीवर गोल करणारा आणि बर्लिनच्या अंतिम सामन्यात शेवटची पेनल्टी मारून चषक आणणारा फाबिओ ग्रोसो त्या चौघांपैकीच. काही वर्षांपूर्वी तो चौथ्या श्रेणीत किएती या छोट्या क्लबकडून खेळत होता. तिथून विश्वचषकापर्यंत तो देशातल्याच क्लबांतून वर चढत गेला.

आता सौदी अरेबिया. 22 नोव्हेंबर 2022 चा, कतारमधल्या विश्वचषकातला लुसैलचा सामना मी मुलांना घेऊन पाहिला होता. अर्जेंटिना 36 सामने अपराजित, दहाव्या मिनिटालाच मेस्सीची पेनल्टी आत. समोरच्या संघात 26 पैकी 26 जण सौदीच्याच लीगमधले, त्यातही अल हिलाल या एकाच क्लबचा भरणा. 48 व्या मिनिटाला बरोबरी झाली. मग 53 व्या मिनिटाला सालेम अल दवसारीने पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कडेला चेंडू घेतला, तेव्हा त्याची पाठ गोलकडे होती. त्याने गिरकी घेतली, अंगावर आलेल्यांना चुकवले आणि उजव्या पायाने चेंडू वळवून लांबच्या कोपऱ्यात घातला. गोलरक्षकाची बोटे लागली, तरी चेंडू आत गेला. 2-1. हे धाडस एका दिवसात येत नाही. दर आठवड्याला सामना खेळणाऱ्याच्या, शेजारी कोण कुठे धावणार हे पाठ असणाऱ्याच्या पायातच ते असते.

याच सौदीची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 2023 मध्ये रोनाल्डो आला, मग देशाच्या गुंतवणूक निधीने चार मोठे क्लब हाती घेतले आणि जगभरचे नावाजलेले खेळाडू तिकडे आले. 2024-25 पासून एका क्लबला 10 परदेशी खेळाडू नोंदवता येऊ लागले. लीगचा झगमगाट वाढला, प्रक्षेपण देशोदेशी पोहोचले. आणि राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉबेर्तो मान्चिनी जाहीरपणे सांगू लागले की, माझे निम्म्याहून जास्त खेळाडू क्लबमध्ये बेंचवर बसून असतात. पुढे 2026 च्या विश्वचषकाची पात्रता मिळवण्यासाठी या संघाला आशियातल्या चौथ्या फेरीपर्यंत झगडावे लागले. त्याला इतरही कारणे असतील, पण प्रशिक्षकाची ती तक्रार नजरेआड करता येणार नाही.

बेंच माणसाचे काय करतो, ते मी जवळून पाहिले आहे. एका स्पर्धेत मी एका मुलाला सलग तीन सामने बसवून ठेवले. त्याने एकही सराव चुकवला नव्हता, पळण्यात तर तो सगळ्यांच्या पुढे. चौथ्या सामन्यात उतरवले, तर पहिलाच पास पायाखालून गेला आणि दुसरा त्याने घाईघाईने टोलवून दिला. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघून घ्यायची त्याची सवयच मोडली होती. चूक माझी होती. ती सवय सरावात टिकत नाही, कारण तिथे मागून खरोखर कोणी तुटून पडत नाही.

‘मग कतारचे काय?’ असे कोणी विचारेल. 2022 चा यजमान संघही पूर्णपणे घरच्या लीगमधला होता आणि तिन्ही सामने हरला. पण स्पर्धेआधी कित्येक महिने त्या खेळाडूंना क्लबच्या सामन्यांपासून दूर, शिबिरात ठेवले होते. 2019 मध्ये याच फळीने आशिया चषक जिंकला होता आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अक्रम अफीफच्या तीन पेनल्टींवर तो पुन्हा जिंकला. दर्जा नसता तर दोन चषक आले असते का?

आफ्रिकेत तर 2009 मध्ये फक्त आपापल्या देशाच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांसाठी राष्ट्रीय संघांची वेगळी स्पर्धा सुरू झाली, ‘चॅन’. 2018 मध्ये ती मोरोक्कोने जिंकली. त्यांचा अयूब एल काबी तेव्हा बेरकानच्या क्लबकडून खेळत होता. त्याने स्पर्धेत 9 गोल केले आणि त्याच वर्षी तो विश्वचषकाच्या संघात गेला. 2024 मध्ये ग्रीसच्या ऑलिंपियाकोस क्लबला कॉन्फरन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकून देणारा 116 व्या मिनिटाचा गोल त्याचाच. त्याला युरोपने घडवले नाही. तो घडला घरीच, युरोपने त्याला नंतर उचलले.

लीग घरची की परदेशी, या वादात माझ्या मते फारसा अर्थ नाही. घरच्या लीगमध्ये घरच्या मुलांना, तेही स्ट्रायकर, मधला बचावपटू, गोलरक्षक अशा जोखमीच्या जागांवर, किती खेळू दिले जाते ते पाहिले पाहिजे. म्हणून एक विनंती. राष्ट्रीय संघाची यादी छापताना आपण खेळाडूच्या नावापुढे त्याच्या क्लबचे नाव देता. त्याच्याच शेजारी, त्या हंगामात तो क्लबकडून किती मिनिटे मैदानावर होता, तेवढा आकडाही द्यावा.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक