कचऱ्यातली गुंतवणूक

महोदय,

कचरा व्यवस्थापन कंपन्यांचे शेअर घ्या, असा सल्ला हल्ली बराच ऐकू येतो. मीही निवृत्तीच्या पैशांतून थोडे घेतले आहेत. पण आमच्या सोसायटीच्या दारात कचरावेचक ताई रोज ओल्या कचऱ्यात हात घालून दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढतात. खरकट्याने माखलेल्या प्लास्टिकला भंगारवालाही भाव देत नाही, मग कारखान्यात यंत्र कितीही महागडे असो! घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनी घरातच ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण सक्तीचे केले. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८पासून दारोदार कचरा गोळा करते. आपण शेअर घेतलेली कंपनी वेचकांना हातमोजे आणि सुका कचरा विकण्याचा हक्क देते का, हे भागधारकांनी वार्षिक सभेत विचारावे. मी यंदा विचारणार आहे.

– एक वाचक, पुणे