काका, थांबवलंत म्हणून

काका, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणत विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय घरीच गिटारला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकाकीचा थर, मारायच्या बेतात असलेलं आणखी कुणीतरी हे वाचेल, हाही हेतू आहेच.

त्या दिवशी जिन्यात तुम्ही माझ्या हातातला स्प्रे कॅन पाहिलात आणि पहिलं विचारलंत, "कुठे मारणार?" मी अभिमानाने म्हटलं, "बाथरूममध्ये. दार लावलं की धूळ बसत नाही." तोंडाला लावायला सुताराकडे असतो तसला धुळीचा मास्क होता. बाथरूममध्ये गॅस गीझर होता, हे तर माझ्या डोक्यातही नव्हतं. तुम्ही कॅन हातातून काढून घेतलात, उलटा केलात आणि बुडाचं बटण दाखवलंत. "हा टू-के आहे. हे दाबलं की आतला हार्डनर रंगात मिसळतो. हा तू मारायचा नाहीस."

तेव्हा मला राग आला होता, आज कबूल करते. गाड्यांना यानेच चकाकी येते, टिकतोही दगडासारखा, मग मलाच का नाही? तुम्ही खिशातला इन्हेलर काढून कठड्यावर ठेवलात. हार्डनरमधलं आयसोसायनेट धोकादायक प्रमाणात हवेत असलं तरी वास येईलच असं नाही. वास नाही म्हणून तुम्ही ऐन उमेदीत मास्क गळ्यात अडकवून गाड्या रंगवल्यात. एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला, की नंतर अगदी थोडं नाकात गेलं तरी दमा उसळतो. मास्कला लावायचं कोळशाचं कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, कधी संपलं तेही कळत नाही, म्हणून जाणती माणसं त्या कामाला बाहेरून नळीने हवा पुरवणारा मास्क वापरतात. तो काही माझ्या घरात येणार नव्हता. कॅन परत गेला.

त्याच्या जागी नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं, थिनर उडून गेला की सुकणारं, हार्डनर नसलेलं. "हे साधू नाही," असं तुम्ही बजावलंत, "फक्त याचा स्वभाव मला माहीत आहे." याची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली बसते, जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या गीझरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. साध्या पंख्याच्या मोटरची किंवा फ्रिजची ठिणगीही तिला पुरते. म्हणून गच्ची, सावली, वारा पडलेला, आसपास ना बटण ना काडेपेटी.

मास्कचा तुमचा धडा मी अजून जसाच्या तसा करते. धुळीचा मास्क कण अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि त्यावर तुषार अडवणारा फिल्टर, दोन्ही लागतात. मास्क चढवून दोन्ही कार्ट्रिजवर तळवे दाबायचे आणि श्वास आत ओढायचा. मास्क गालाला चिकटून बसला तर ठीक, कडेने हवा शिरली तर पट्टे पुन्हा आवळायचे. (तुमच्या भाच्याला दाढी काढायला लावलीत, ते याचसाठी. तो अजून कुरकुरतो.) काम झालं की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत, कारण उघडं पडलं तर आतला कोळसा नुसत्या हवेतही झिजत राहतो.

मग पुठ्ठा. गिटारला हात लावण्याआधी तुम्ही मला पुठ्ठ्यावर मारायला बसवलंत, आणि तुमच्यापेक्षा तो पुठ्ठाच मला जास्त बोलला. मी कॅन जागेवर धरून मनगट फिरवत होते, त्यामुळे मध्ये ओलं आणि कडांना कोरडं. तुम्ही माझं कोपर धरून पूर्ण हात सरळ रेषेत चालवलात. वीतभर अंतर, फवारा पुठ्ठ्याच्या बाहेर सुरू, बाहेरच बंद, पुढचा पट्टा आधीच्या निम्म्यावर. जवळ गेलं की ओघळ, लांब गेलं की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग. गिटारची मान काढून त्या खाचेत लाकडी पट्टी स्क्रूने बसवायची युक्तीही तुमचीच. हँडल मिळालं आणि बोटांचे ठसे वाचले.

एक सकाळ मात्र मी तुम्हाला न विचारता घालवली. हवा दमट होती, मला घाई होती. दुसरा हात मारला आणि डोळ्यांदेखत सगळं अंग दूध सांडल्यासारखं पांढरं झालं. रडवेली होऊन तुमचं दार वाजवलं. तुम्ही हसलात! थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि थरात अडकतं, एवढंच. "थांब. कोरडी दुपार येऊ दे, मग एक पातळ हात मार." लॅकरचा नवा थर जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो, आणि अडकलेल्या ओलीला वाट मिळते. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पांढरेपणा माझ्यासमोर वितळत गेला आणि खालच्या लाकडाच्या रेषा एकेक करून वर आल्या. तसं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढचं सगळं वाट पाहणं होतं. दिवसाला तीन हात, मध्ये दोन-दोन तास, आणि शेवटच्या हातानंतर चार आठवडे नुसती टांगलेली. रोज नाक लावून हुंगायचे, वास पूर्ण गेला तरच वॉटर पेपर. नाकावर विश्वास ठेवू नकोस म्हणणारे तुम्हीच शेवटी नाकावर सोडलंत, हे मी बोलून दाखवलं होतं. "तेव्हा फुप्फुसाचा प्रश्न होता, आता पॉलिशचा आहे," असं उत्तर मिळालं.

हजार, पंधराशे, दोन हजार नंबरचे कागद पाण्यात बुडवून घासले. पाठीमागच्या एका कडेवर जोर जास्त झाला आणि लॅकर पार निघून लाकूड उघडं पडलं. कडांवर थर मुळात पातळच बसतो, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतं. ती जागा मी तशीच ठेवलीय, तुम्हाला अजून दाखवलेली नाही.

दुसऱ्या गिटारचा जुना रंग काढून झालाय, काका. जुनी कार्ट्रिज एकदा रात्रभर पिशवीबाहेर राहिली, म्हणून नवी आणली. हवा कोरडी झाली की खालून हाक मारते, पुठ्ठा घेऊनच वर या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची