विहिरीभोवतीचे 500 मीटर नेमके कशासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या नळयोजनेची विहीर नाल्याकाठी, दोन शेतांच्या मधोमध आहे. जागा एका शेतकऱ्याने बक्षीसपत्राने दिलेली, जेमतेम दोन गुंठे. त्यामुळे कठडा संपला की चार पावलांवर सोयाबीनचे तास सुरू होतात. गेल्या आषाढात तिथे उभा असताना जे पाहिले, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे. शेजारच्या रानात तणनाशक मारायचे होते. दोनशे लिटरची टाकी कठड्याला टेकवून ठेवली होती, आणि योजनेच्या मोटारीच्या पाइपाला तोटी काढून तिची नळी टाकीत सोडली होती. औषध आधीच ओतलेले होते आणि नळीचे तोंड त्या पांढऱ्या पाण्यात बुडालेले होते. तेवढ्यात लाईट गेली. मोटारीचा व्हॉल्व्ह गळका असल्याने नळीतले पाणी उलटे विहिरीकडे ओढले जाऊ लागले, आणि टाकीतली पातळी बोटभर खाली गेल्यावर गड्याच्या ते लक्षात आले व त्याने नळी उपसली. मी त्याला काही बोललो नाही, कारण माझ्या स्वतःच्या विहिरीवर मीही वर्षानुवर्षे टाकी अशीच भरत आलो आहे. फरक एवढाच की माझ्या विहिरीचे पाणी गाव पीत नाही.

सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत दुसरी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, ही अट मराठवाड्यात बहुतेकांना ठाऊक आहे. 1993 च्या भूजलविषयक कायद्याने ती आणली आणि टंचाईच्या वर्षी तिच्यावरून गावोगाव भांडणेही झाली. म्हणजे गावाच्या विहिरीतले पाणी कोणी ओढून नेऊ नये, याची चिंता कायद्याने तीस वर्षांपूर्वीच वाहिली. पण त्याच 500 मीटरमध्ये कोणी काय फवारावे, पंप कोठे धुवावा, रिकामा डबा कोठे टाकावा, हे विचारायला गावात कोणी येत नाही. कीटकनाशकाचे उरलेले द्रावण, धुवण आणि रिकामे डबे यांमुळे पाणी दूषित होऊ नये, डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांच्या 44 व्या नियमात लिहिलेले आहे. आमच्या नाल्यात पहिल्या पुराबरोबर वाहत येणारे डबे पाहिले, की या नियमाचा शिवारापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मध्येच कोठेतरी संपला असावा, असे वाटते.

पाण्याची तपासणी होत नाही, असे नाही. पावसाळ्याआधी व नंतर स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. त्यात गळती, विहिरीचा परिसर, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा साठा हे पाहिले जाते, आणि ते पाहायलाच हवे, कारण साथीचे रोग त्यानेच टळतात. परंतु टीसीएलने जंतू मरतात, विहिरीत उतरलेले तणनाशक निघून जात नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना दिलेल्या तपासणी किटने फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेला क्लोरीन कळतो. कीटकनाशक कळत नाही. शिवाय फवारणीचा खरा हंगाम जुलै ते सप्टेंबर हा पावसाळ्याआधीच्या व नंतरच्या सर्वेक्षणांच्या नेमका मध्ये येतो. तेव्हा हिरवे कार्ड मिळाले म्हणून या बाबतीत निर्धास्त राहता येणार नाही.

प्रमाण किती लहान असते, हे हिशेब करून पाहिल्यावर मी स्वतः चरकलो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, आहे. या औषधाचे 36 टक्क्यांचे द्रावण आपल्याकडे वर्षानुवर्षे विकले गेले. त्याचे एक झाकण, म्हणजे 10 मिलिलिटर, 25 फूट व्यासाच्या आणि 15 फूट पाणी असलेल्या विहिरीत पडले, तर सुमारे दोन लाख लिटर पाण्यात साडेतीन ग्रॅम विष मिसळते आणि मर्यादा सोळा-सतरा पटींनी ओलांडली जाते. दिवस जातील तसे ते विघटित होते, हे खरे. पण नळ त्याच संध्याकाळी सुटतो. त्याच मानकाच्या कीटकनाशकांच्या यादीत आज शेतोशेती मारले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आणि इमाझेथापायर हे तणनाशक नाहीत, हीदेखील दुरुस्त करण्याजोगी गोष्ट आहे.

वरून पडणारे झाकण ही एक वाट झाली, जमिनीतून येणारी दुसरी. पेंडीमेथालिनसारखी काही रसायने मातीला चिकटून राहतात. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅट्राझिन यांसारखी पाण्याबरोबर खाली उतरतात. त्यात आपली काळी जमीन. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की फवारलेल्या रानात भेगा उघडतात, आणि खंडानंतरचा पहिला जोराचा पाऊस मातीतून गाळून न जाता त्या भेगांतून थेट मुरमात व खडकाच्या चिरांत जातो. पाणी वाढावे म्हणून अनेक विहिरींना आडवे बोअर मारलेले असतात, ते शेजारच्या रानाखालचे पाणी ओढून आणतात. डेन्मार्कमध्ये सार्वजनिक विहिरीभोवती 25 मीटरपर्यंत कीटकनाशक वापरण्यास बंदी आहे; आडवे बोअर असलेल्या आपल्या विहिरीला तेवढे अंतर पुरणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी, की 500 मीटरचे जे वर्तुळ कायद्याला आधीच मान्य आहे, त्यातच फवारणीचे नियम घालावेत. विहिरीलगतच्या 50 मीटरमध्ये फवारणी पूर्ण बंद असावी, आडवे बोअर असतील तेथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने अंतर ठरवून द्यावे, आणि संपूर्ण 500 मीटरमध्ये औषध कालवणे, पंप धुणे व डबे टाकणे यांस मनाई असावी. ऑगस्टमध्ये एकदा तरी नमुना कीटकनाशकांसाठी प्रयोगशाळेत जावा. मात्र ज्याने गावासाठी जमीन दिली, त्याच्याच उरलेल्या रानावर निर्बंधांचे ओझे पडणार असेल, तर त्या पट्ट्यातील खुरपणीची मजुरी योजनेच्या देखभाल खर्चातून दिली पाहिजे. अन्यथा उद्या कोणी विहिरीला जागा देणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल.

टाकी भरण्यासाठी वेगळा हौद आणि नळीचे तोंड पाण्याच्या वर राहील अशी तोटी, एवढे तर ग्रामपंचायत कायद्याची वाट न पाहता करू शकते. आमच्याकडे हा विषय 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवत आहे. जिल्हा परिषदेने त्याआधी परिपत्रक काढले, तर ग्रामसभेत वाद कमी होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक
औसा तालुका, जि. लातूर